पाय मोजा, मग पंप उचला



उसाच्या सरीत कुदळ मारली की चार तऱ्हेचे जीव वर येतात. वळवळते ते सगळे कीडच, असे धरून आपण पंप पाठीला लावतो. पण यातला गडी कोण नि चोर कोण, हे बरेचसे अंगावरून ओळखता येते.

प्रथम गांडूळ. हा वलयांकित प्राणी. अंगाला शंभराच्या आसपास वळ्या. पाय नाहीत, डोळे नाहीत, कवच नाही. वळ्यांवरच्या बारीक ताठ केसांनी माती धरून तो सरकतो. श्वास घेतो ओल्या कातडीतून. सबब जमीन तापली, वाळली की तो खोल जातो, नाहीतर मरतो. पाचट पेटवले की वरच्या थरातले हे फुकटचे नांगर आपण आपल्या हाताने घालवतो. त्याच्या बिळांतूनच हवा-पाणी मुळांपर्यंत जाते.

दुसरा वर्ग संधिपादांचा. यांचेही अंग खंडाखंडांचे, पण वर कवच आणि पायांना सांधे. कवच वाढत नाही, म्हणून वाढताना कात टाकावी लागते. आता पाय मोजा. कीटकाला ६, कोळ्याला ८. गोमेला दर वळीस एक जोडी, तर वाणीला बहुतेक वळ्यांना दोन जोड्या. कोळी व गोम इतर किडे खातात. वाणी कुजका पाचोळा खाते.

हुमणी पांढरी, अर्धगोल वळलेली, तांबूस डोक्याची. छातीशी ६ पाय दिसतील. म्हणजे ती गांडुळाच्या जातीची नव्हे, भुंगेऱ्याची अळी आहे. ती मुळे खाते. तेव्हा बंदोबस्त भुंगेऱ्यापासून करावा. वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते गोळा करा नि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. मादीने जमिनीत अंडी घालण्याआधी हे झाले पाहिजे, आणि साऱ्या शिवाराने मिळून केले पाहिजे. एकट्याने केल्यास शेजारचे भुंगेरे आपल्याकडे येतातच.

मात्र पायांवरून जात कळते, चाल कळत नाही. खोडकिडीची अळी कोंब पोखरते, पोंगा वाळतो, उपटला की दुर्गंधी येते. डिफाची अळीही पतंगाचीच, पण ती उसाला न शिवता लोकरी मावा खाते. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला व पुढे राज्यभर पसरला, तेव्हा त्याला आवरण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा मोठा वाटा होता. ट्रायकोग्रामाची इवलीशी माशी तर खोडकिडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. आंधळी फवारणी केली तर हे राखणदारही मरतात आणि चोराला रान मोकळे होते.

म्हणून पाने उलटून पाहा, मुळाशी खणून पाहा, किडा काय खातोय ते पाहा. ओळख पटली नाही तर आगपेटीत घालून गट कार्यालयात आणा. आम्ही पाहून सांगू. औषधाचा खर्च त्यानंतर करा.