पात्र घ्यावे की घडवावे?

प्रस्तावना

लहान मुले भातुकली खेळायला बसतात, तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "मी आई, तू बाबा." आई काय करते, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. चूल मांडली जाते, खोटा स्वयंपाक होतो आणि खेळ सुरू होतो. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणते, "मी नाही बाबा होणार. मी लांबच्या गावाहून आलेला पाहुणा." आता मात्र खेळ क्षणभर थांबतो. हा पाहुणा कोणाचा कोण? तो कशासाठी आला? किती दिवस राहणार? या प्रश्नांची उत्तरे सर्वांनी मिळून शोधली, की भातुकलीला नवे वळण मिळते.

या साध्या खेळात कथारचनेचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. अनेक जण मिळून एक कथा रचतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलतो, आणि पुढे काय होणार हे कोणा एकाच्या हाती नसते, अशा रचनेला या पाठात 'सामूहिक भूमिकाकथा' म्हटले आहे. तिच्यात भाग घेणाऱ्याला प्रारंभीच ठरवावे लागते : सर्वांच्या ओळखीचे तयार पात्र घ्यावे, की स्वतःचे नवे पात्र घडवावे? या निवडीचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• तयार पात्र व नवे पात्र यांतील फरक सांगू शकाल;
• दशावतार, तमाशा व आधुनिक भूमिकाखेळ यांतील पात्रयोजनेची तुलना करू शकाल;
• दोन्ही प्रकारच्या पात्रांचे लाभ व धोके स्पष्ट करू शकाल;
• गटाने रचलेल्या कथेसाठी योग्य पात्राची निवड करू शकाल.

मूळ पाठ

१. रात्रभर रंगणारी सामूहिक कथा

अनेकांनी मिळून, भूमिका घेऊन कथा रचण्याची रीत मराठी लोकजीवनाला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि गोव्याच्या काही भागांत गावोगावच्या जत्रांमध्ये दशावतारी नाटक होते. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. पखवाज, झांज आणि पायपेटी यांची साथ असते. स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करतात.

या नाटकाचे एक वैशिष्ट्य पाहण्यासारखे आहे. परंपरेने त्याला लिखित संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे, प्रवेशांचा क्रम कोणता आणि कोणी कोणते पात्र करायचे, एवढे आधी ठरते. पुढचे संवाद नट प्रेक्षकांसमोर उभे राहून, समोरच्या नटाचे बोलणे ऐकून, त्या क्षणी रचतात. म्हणजेच प्रत्येक नट हा त्या रात्रीपुरता कथेचा एक लेखकही असतो.

प्रयोगाच्या पूर्वरंगात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती आणि संकासुर अशी पात्रे येतात. काळ्या वेषातील संकासुराला पाहताच गावातील पोरही त्याला ओळखते. त्याने वेद चोरले आणि विष्णूने त्याचा वध केला, ही कथा सर्वांना आधीपासून ठाऊक असते. तरीही त्याची मालवणी बोली आणि भटजीबरोबरची त्याची जुगलबंदी ऐकण्यासाठी लोक थांबतात. येथे पात्र तयार असते, शेवटही तयार असतो. नवा असतो तो केवळ संवाद.

उत्तररंगातील आख्यानात मात्र दोन्ही प्रकारची पात्रे एकत्र येतात. शंकर, विष्णू, नारद ही पुराणांतील पात्रे असतात. त्यांच्या शेजारी कित्येकदा पूर्णपणे कल्पनेतील राजा, राणी किंवा प्रधान उभा केला जातो. नारदाने कसे वागावे, याची चौकट परंपरेने आखून दिली आहे. कल्पित राजाला अशी चौकट नसते. तो चुकू शकतो, पस्तावू शकतो, राज्य गमावू शकतो. म्हणून देव कथेला आधार देतात आणि कल्पित माणसे तिला अनिश्चितता देतात. प्रेक्षकाला दोन्हींची गरज असते.

२. ठरलेले सोंग, नवे बोलणे

तमाशातही असेच दिसते. गण झाल्यावर गौळणीत कृष्ण, पेंद्या, गौळणी आणि मावशी ही ठरलेली पात्रे येतात. पुढे वगात राजाचा हजरजबाबी सेवक म्हणून सोंगाड्या वावरतो. सोंगाड्याचे काम ठरलेले असते. बोलणे मात्र ठरलेले नसते. गावातील ताजी घटना, प्रेक्षकांतून आलेला शब्द, राजाच्या तोंडून निसटलेली चूक, यांतील कशावरूनही तो विनोद उभा करतो. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात हवालदाराची भूमिका करणारे दादा कोंडके संहितेत प्रसंगानुरूप भर घालीत. त्यामुळे तेच पात्र निरनिराळ्या प्रयोगांत निराळे वाटे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. तयार पात्र घेणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. पात्र जुने असले, तरी त्याने या प्रसंगी दिलेले उत्तर नवे असू शकते.

३. फासे, कागद आणि पात्र

लोकनाट्यात कथा प्रेक्षकांसाठी असते. विसाव्या शतकात असा एक खेळ पुढे आला, ज्यात प्रेक्षकच नसतात; सर्व जण पात्रेच असतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही खेळाडू टेबलाभोवती बसतात. एक जण कथाचालक होऊन प्रसंग सांगतो. "समोर बंद दार आहे, आतून आवाज येत आहे," असे त्याने म्हटले, की प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो. कृती अवघड असेल, तर यशापयश फाशांवर ठरते.

या खेळाच्या मूळ नियमांत प्रत्येक पात्राचे सामर्थ्य, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि प्रभाव असे सहा गुण तीन फासे टाकून ठरवले जात. गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये केवळ एक असते. त्यामुळे नवे पात्र घडवतानाही सर्व काही खेळाडूच्या इच्छेनुसार होत नसे. बलवान योद्धा हवा असताना दुबळा, पण बुद्धिमान मनुष्य हाती येई. कित्येकदा अशा उणिवेतूनच पात्राला स्वभाव मिळे.

१९८४ मध्ये याच खेळासाठी 'ड्रॅगनलान्स' ही साहसकथांची माला सुरू झाली. तिच्यात खेळाडूंना तयार नायक दिले होते आणि त्याच नायकांवरील कादंबऱ्याही त्याच वर्षापासून निघू लागल्या. तयार नायकांमुळे मोठी, सुसंगत कथा सांगता आली. पण त्याबरोबर एक अडचण आली. कथेच्या मध्येच नायक मेला, तर पुढची कथा कोलमडेल. म्हणून महत्त्वाच्या पात्रांचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्यांना पुढे परतता येईल, अशी सोय नियमांत करावी लागली. सर्वांना ठाऊक असलेले पात्र कथेला बळ देते, तसेच तिला बांधूनही ठेवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढे २०१४ मध्ये नवशिक्यांसाठी निघालेल्या या खेळाच्या संचात पाच तयार पात्रे होती. त्यांचे गुण, पूर्वायुष्य आणि त्या कथेत त्यांना काय साधायचे आहे, हे सर्व छापलेले होते. नावाची जागा मात्र कोरी होती. ते खेळाडूने भरायचे होते. पात्र हाती देणाऱ्यांनीही त्यात थोडी जागा घेणाऱ्यासाठी राखून ठेवली होती.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.
(क) दशावतारी नाटकाचे संवाद परंपरेने ............ (लिहून पाठ केले जातात / प्रयोगातच रचले जातात).
(ख) आख्यानातील कल्पित राजा कथेला ............ देतो (आधार / अनिश्चितता).
(ग) तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता ............ मध्ये एक असते (१८ / २१६).

४. दोन्ही वाटांवरचे खड्डे

तयार पात्राचा पहिला लाभ म्हणजे ओळख. त्याची माहिती देण्यात वेळ जात नाही. बोलायला संकोचणाऱ्या व्यक्तीलाही त्याचा आधार वाटतो. स्वतःच्या नावाने चार वाक्ये बोलताना अडखळणारा माणूस नारद होऊन सहज बोलू लागतो, कारण बोलणे नारदाचे असते, चूक झाली तरी ती नारदाची असते. मात्र येथे दोन धोके संभवतात. "हे पात्र असे वागणारच नाही" या वादात कथा अडकू शकते. किंवा प्रसिद्ध पात्र इतके मोठे होते, की इतरांना बोलायला जागाच उरत नाही.

नव्या पात्राचा लाभ स्वातंत्र्य हा आहे. ते कसे वागेल, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीजवळ अनुभवांची मोठी शिदोरी असते. बाजारातील घासाघीस, कारखान्यातील रात्रपाळी, परक्या गावी काढलेले दिवस यांतून आलेले पात्र दुसऱ्या कोणालाही सुचणार नाही. परंतु नवे पात्र घडवणारा बहुधा एक चूक करतो. तो आपल्या पात्राला शूर, देखणे, हुशार आणि कधीही न हरणारे बनवतो. अशा पात्राला कोणाची मदत लागत नाही; म्हणून त्याचे कोणाशी नातेही जुळत नाही. दुसरी दक्षता अशी, की ओळखीच्या माणसाचे खासगी दुःख जसेच्या तसे उचलून चारचौघांत मांडू नये. अनुभव घ्यावा, ओळख बदलावी.

५. एक उदाहरण

समजा, एका अभ्यासकेंद्रातील पाच विद्यार्थ्यांना मिळून कथा रचायची आहे. प्रसंग असा : घाटात दरड कोसळली असून एस. टी. बस रात्रभर अडकून पडली आहे. चौघे जण चालक, आजारी मुलाची आई, भाजीविक्रेता आणि परीक्षेला निघालेली मुलगी अशा भूमिका घेतात. पाचवा म्हणतो, "मी बिरबल."

प्रारंभी सर्वांना मौज वाटते. लवकरच अडचण दिसू लागते. मुलाचा ताप वाढला, बिरबलाने उपाय सांगितला. भाजीवरून भांडण झाले, बिरबलाने मिटवले. प्रत्येक वेळी चौघेही त्याच्याच तोंडाकडे पाहू लागतात. कथा अडकलेल्या बसची राहत नाही, बिरबलाच्या चातुर्याची होते. आणि तिचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो.

मग पाचवा विद्यार्थी बिरबल सोडून बसचा वाहक होतो. त्याचा पहिला आराखडाही फसतो, कारण हा वाहक धीट, प्रामाणिक आणि सर्वांचा आवडता आहे. त्याच्याबाबत काही घडतच नाही. तेव्हा गट त्याला एक उणीव देतो : नोकरीचा हा पहिलाच आठवडा आहे आणि हिशेबात १४० रुपये कमी भरत आहेत. एवढ्याने चित्र पालटते. भाजीविक्रेत्याला आठवते, की त्याला सुटे पैसे जास्त मिळाले होते. परत करावेत की गप्प राहावे? आजारी मुलाच्या आईने तिकीट काढले होते का, याची तिला स्वतःलाच खात्री नाही. मुलीने हे सारे पाहिले आहे. आता पाचही जणांना काही तरी लपवायचे, विचारायचे किंवा कबूल करायचे आहे.

येथे बिरबल वाईट आणि वाहक चांगला, असा निष्कर्ष काढू नये. दरबाराची, कोड्यांची एका तासाची कथा असती, तर बिरबलाइतके उपयुक्त पात्र दुसरे मिळाले नसते. बसमधील कथेला मात्र सर्व प्रश्न सोडवणारा माणूस नको होता. प्रश्नात सापडलेला माणूस हवा होता.

६. निवड कशी करावी?

पात्र निवडण्यापूर्वी पुढील चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

वेळ किती आहे? कथा एका बैठकीत संपवायची असेल, तर तयार पात्र सोयीचे ठरते. अनेक दिवस चालणाऱ्या कथेत नव्या पात्राला वाढायला अवकाश मिळतो.

हे पात्र सर्वांच्या ओळखीचे आहे का? एकालाच ठाऊक असलेले तयार पात्र इतरांना नव्या पात्रासारखेच असते. त्याची ओळख करून द्यावीच लागते.

या पात्रामुळे इतरांना बोलायला जागा मिळते का? मिळत नसेल, तर पात्र कितीही आकर्षक असले, तरी ते बदलावे.

पात्राजवळ एक उणीव आणि एक नाते आहे का? उणीव पात्राला इतरांकडे नेते, नाते त्याला कथेत टिकवून ठेवते.

समारोप

भातुकलीतील आई असो वा लांबच्या गावचा पाहुणा, दोघांचीही खरी परीक्षा खेळ सुरू झाल्यावरच होते. तयार पात्रात आपली जागा शोधावी लागते. नव्या पात्रात इतरांसाठी जागा ठेवावी लागते. सामूहिक कथेत पात्र एकाचे असते, कथा मात्र सर्वांची असते. शेजारच्याचे बोलणे ऐकून जो आपले पुढचे वाक्य बदलतो, त्याच्या हाती आलेले कोणतेही पात्र जिवंत होते.

आपण काय शिकलात?

• सामूहिक भूमिकाकथेत प्रत्येक सहभागी एका पात्राचा अभिनेता आणि कथेचा सहलेखक असतो.
• तयार पात्र ओळख व आधार देते, पण कथेला बांधूनही ठेवते.
• नवे पात्र स्वातंत्र्य देते, पण त्याला उणीव व नाते यांची जोड लागते.
• निवड करताना स्वतःच्या हौसेपेक्षा कथेची गरज आणि सहकाऱ्यांची सोय पाहावी.

स्वाध्याय

१. 'देव कथेला आधार देतात आणि कल्पित माणसे तिला अनिश्चितता देतात,' हे विधान दशावतारी आख्यानाच्या आधारे स्पष्ट करा.
२. बिरबलाऐवजी वाहक आल्याने बसमधील कथेत कोणता बदल झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. आपल्या प्रदेशातील एखाद्या लोकनाट्यप्रकारात ठरलेली पात्रे कोणती असतात, याची माहिती मिळवून आठ-दहा ओळी लिहा.
४. आपल्या कामाच्या ठिकाणी घडू शकेल असा एक प्रसंग निवडा. त्यासाठी एक नवे पात्र घडवा. त्याची एक उणीव आणि दुसऱ्या पात्राशी असलेले एक नाते सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(क) प्रयोगातच रचले जातात (ख) अनिश्चितता (ग) २१६