फिरते घर आणि राखणीचा कुत्रा

पुण्याच्या कडेने मेंढरांचा कळप जाताना आपण पुष्कळदा पाहतो. दिवाळी झाली की कळप पश्चिमेकडे चालू लागतात. पावसाळा तोंडावर आला की परत फिरतात. रस्त्यावर मोटारी थांबतात. कुणी भोंगा वाजवतो, कुणी कुरकुर करतो. मेंढरांबरोबर फेटेवाला धनगर असतो, त्याच्या खांद्यावर काठी आणि घोंगडी. थोड्या अंतराने घोड्यांवर लादलेला संसार येतो. भांडी, वाकळा, कोंबड्या आणि सर्वांत वर बसवलेले लहान पोर. या सगळ्यांच्या आजूबाजूने जीभ बाहेर काढून कुत्रा चालतो.

कळप गेला की आपण आपल्या वाटेला लागतो. हे लोक कुठून आले, रात्री कुठे उतरतील, कुत्रा त्यांना कशाला लागतो, हे आपण कधी विचारत नाही. आज तेच समजून घेऊ.

घराला पाय असतात

बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव हे तालुके कमी पावसाचे. सह्याद्रीच्या डोंगरावर ढग अडतात, तिथेच बरसतात. पलीकडे पूर्वेला येईपर्यंत त्यांत पाणी थोडेच उरते. म्हणून इकडे शेती बेताची आणि माळ फार. माळावर पावसाळ्यात गवत येते. दिवाळीनंतर ते वाळते, संपते. मग मेंढरे जगायची कशी? धनगर कळप घेऊन घाटाकडे, कोकणाकडे निघतो. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याला परत यावे लागते. कोकणातला मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. चिखलात तिचे खूर सडतात.

अमेरिकेत काही लोक मोठ्या मोटारीतच घर करून राहतात. तिच्यात चूल असते, बिछाना असतो, पाण्याची टाकी असते. सोबत कुत्रा असतो. तिथल्या काही सरकारी अभयारण्यांत असे लोक महिनोन् महिने मुक्काम करतात. ते अभयारण्याची कामे करतात आणि त्याबद्दल त्यांना गाडी उभी करायला जागा मिळते. कुत्र्याला मात्र साखळीत ठेवावे लागते. आपल्या धनगराचे घरही असेच फिरते. फरक एवढाच, की त्याच्या घराला चाके नाहीत, पाय आहेत.

वाड्यावरचा दिवस

पाच-सात कुटुंबे मिळून फिरतात. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. हा वाडा दगड-विटांचा नव्हे. आज इथे, उद्या तिथे.

पहाट झाली की बाया उठतात. तीन दगडांची चूल पेटते, भाकऱ्या होतात. पुरुष मेंढरे घेऊन चरायला जातात. मग बाया सगळा संसार आवरतात, घोड्यांवर लादतात आणि पुढच्या मुक्कामी चालू लागतात. चालता न येणारी कोकरेही घोड्यावरच जातात. नव्या जागी पोचले की पुन्हा चूल, पुन्हा पाणी, पुन्हा सरपण. घर मोडायचे आणि घर मांडायचे, हे काम बाईच्याच हातचे.

मुक्काम बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या रानात असतो. शेतकरी आपणहून बोलावतो. रात्रभर मेंढरे बसली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते. त्यासारखे खत नाही. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, नाहीतर पैसे देतो.

दिवस मावळला की मेंढरांभोवती जाळ्याचे कुंपण लावतात. त्याला वाघर म्हणतात. पुरुष उघड्यावर घोंगडी अंथरून पडतात. आता कुत्र्याचे काम सुरू होते. माणूस दिवसभर चालून दमलेला असतो, त्याला झोप लागते. कुत्रा कान टवकारून बसतो. अंधारात काही हलले की तो भुंकतो. भुंकला की सारा वाडा जागा होतो. एक मेंढी गेली तर हजारो रुपयांचे नुकसान. म्हणून कुत्र्याला भाकरी आधी घातली जाते.

आपल्या मुलखात कुत्र्याला मान आहे. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो. जेजुरीचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे समजत आले.

माळावरचे शेजारी

कुत्रा कुणावर भुंकतो? मुख्यतः लांडग्यावर.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्याला जावे आणि उजवीकडे वळावे. पुढे सुपे लागते. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. जवळच मोरगावचा मयूरेश्वर गणपती आहे, त्यावरून हे नाव पडले. १९९७ साली सरकारने हे अभयारण्य केले. ते लहान आहे, पाच चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. इथे दाट झाडी नाही. गवत, बोरी-बाभळी आणि उघडा माळ. पण हा माळ रिकामा नाही. इथे चिंकारा हरणे आहेत. ससे, खोकड, तरस आणि नाना तऱ्हेचे पक्षी आहेत. या भागात लांडगेही फिरतात.

लांडग्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. एका रात्रीत तो कितीतरी मैल हिंडतो. अभयारण्याबाहेरचे माळ, ओढे, पडीक राने हेही त्याचे घरच. तिथेच धनगराचा वाडा उतरतो. म्हणजे दोघांचे घर एकच. हरणे आणि ससे थोडे झाले, की लांडगा मेंढराकडे वळतो.

पूर्वी काही लोक लांडग्याची बिळे शोधून धूर करत, पिल्ले मारत. आता तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. त्याला मारले तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

मग धनगराने नुकसान सोसत बसायचे का? नाही. लांडग्याने मेंढरू मारले तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी मेलेले जनावर जागचे हलवू नये. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवावे. पंचनामा करून घ्यावा. गुरांच्या डॉक्टरांचा दाखला घ्यावा. कागद वाचून, समजून मगच सही करावी. लिहिता-वाचता येण्याचा उपयोग तो हाच.

राखणदारच घात करतो तेव्हा

कुत्रा राखण करतो हे खरे. पण तोच कुत्रा मोकाट सुटला तर काय होते?

तो हरणाच्या पाडसामागे लागतो. जमिनीवरची पक्ष्यांची अंडी खातो. गावातल्या मोकाट कुत्र्यांत मिसळतो आणि तिथून रोग घेऊन येतो. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा रोग होतो. तो लांडग्याला, खोकडालाही लागतो. २०१८ साली गुजरातेत गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात ह्याच रोगाचे विषाणू सापडले. सिंहासारखे जनावर जिथे टिकत नाही, तिथे लांडग्याची काय कथा?

आणखी एक गोष्ट घडते. कुत्रा आणि लांडगा यांचे नाते जवळचे, त्यामुळे त्यांचा संकर होऊ शकतो. पुण्याजवळच्या माळावर काही लांडगे वेगळ्याच रंगाचे दिसले. शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. त्यांच्यात कुत्र्याचे रक्त मिसळले आहे, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. असे होत राहिले तर अस्सल लांडगा उरणार नाही.

सगळ्यांत मोठे भय पिसाळण्याचे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रोगाचे विषाणू असतात. तो चावला की ते मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे चढतात. एकदा लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पिसाळलेला कुत्रा मेंढीला चावतो, घोड्याला चावतो, वाड्यावरच्या पोरालाही चावतो. जे राखण करायला ठेवले, तेच घर बुडवते.

एका वाड्यावर आम्ही हे सारे बोललो. म्हातारेबाबा ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं. पर बांधून घातलेलं कुत्रं राखण कशी करणार?"

प्रश्न रास्त आहे. कुत्रा टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. कुत्रा नसला तर धनगराचा राग लांडग्यावर निघेल. कुत्रा हवाच. पण तो आपल्या ताब्यात हवा.

काय करावे

१. कुत्र्याला पिसाळू नये म्हणून लस टोचून घ्यावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, दर वर्षी. डिस्टेंपरचीही लस असते. घर फिरते असले तरी वाटेवर गुरांचे दवाखाने असतात. निघण्याआधी लस टोचून घेतली तर सगळ्यांत बरे. मिळालेला कागद जपून ठेवावा.

२. दिवसा वाड्यावर कुत्रा बांधावा. रात्री कळपाजवळ सोडावा, पण पोटभर खाऊ घालून. उपाशी कुत्रा शिकारीला जातो. ओढाळ गुराला आपण लोढणे बांधतो ना? युरोपात रुमानिया देशातले मेंढपाळ राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवतात. कुत्रा चालतो, भुंकतो, पण हरणामागे भरधाव पळू शकत नाही.

३. मेलेल्या मेंढीचे काळीज, फुप्फुस कच्चे कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत होतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती हाताला लागून माणसाच्या पोटात गेली, की काळजात पाण्याच्या गाठी होतात. मेलेले जनावर खोल पुरावे. कुत्र्याला जंताचे औषध द्यावे. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुऊनच भाकरी खावी.

४. नको असलेली पिल्ले माळावर सोडून देऊ नयेत. कुत्रीचे ऑपरेशन करून घ्यावे.

५. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय जाऊ नये, चराई करू नये. लस न टोचलेली मेंढरे आत नेणे कायद्याच्या विरुद्ध आहे.

६. कुत्रा चावला तर वेळ घालवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथे सुई फुकट मिळते. डॉक्टर सांगतील तितक्या सुया ठरलेल्या दिवशी पुऱ्या कराव्या. वाडा पुढे गेला तर पुढच्या गावच्या दवाखान्यात कागद दाखवावा, पण सुई चुकवू नये.

हे आपल्यालाही लागू

हा धडा फक्त धनगराचा, असे शहरातल्या वाचकांनी समजू नये. आपणही सुट्टीच्या दिवशी माळावर फिरायला जातो. पाळलेला कुत्रा बरोबर नेला आणि मोकळा सोडला, तर हरणाला तोही लांडग्यासारखाच. म्हातारे कुत्रे, नकोशी पिल्ले आपलेच लोक शहराबाहेर नेऊन सोडतात. कोंबडीच्या दुकानातली घाण रस्त्याच्या कडेला टाकतात. ती खाऊन मोकाट कुत्र्यांचे थवे वाढतात, आणि तेच माळावर जातात. अभयारण्य पाहायला जाताना कुत्रा घरीच ठेवावा.

सरकारी कागदात माळाला पुष्कळदा 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटले की त्यावर प्लॉट पाडायला मन धजावते. पण त्याच पडीक जमिनीवर मेंढरू जगते, हरीण जगते, लांडगा जगतो. माळ गेला तर धनगराचे फिरते घर थांबेल कुठे? म्हणून कळपामुळे चार मिनिटे मोटार थांबली, तर भोंगा वाजवू नये. त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे का, तेवढे पाहावे. ओळख असली तर विचारावे, "मामा, कुत्र्याला सुई टोचली का?" नसेल तर जवळचा दवाखाना दाखवावा.

प्रश्न

१. धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन का निघतात?
२. शेतकरी मेंढरे आपल्या रानात का बसवून घेतो?
३. लांडग्याने मेंढी मारली तर प्रथम काय करावे?
४. कुत्रा चावल्यावर जखम कशी धुवावी? घरातल्या सर्वांना सांगा.
५. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचली आहे का? चौकशी करा आणि चार ओळी लिहा.