हाताला कळणारा ब्रेक

नात परवा म्हणाली, "आजी, मी आता ऑफिसला सायकलने जाणार." कोथरूडहून सेनापती बापट रस्ता, म्हणजे फार लांब नाही. मोबाइलवर तिने तीन सायकलींचे फोटो दाखवले आणि विचारलं, यातली कुठली घेऊ? मी रंग पाहिला नाही, गिअर मोजले नाहीत. "यातल्या कुठलीचा ब्रेक दाबून पाहिलास?" एवढंच विचारलं. तिने एकीचाही पाहिला नव्हता.

मी चौतीस वर्षं सहकारनगरहून सदाशिव पेठेतल्या शाळेत सायकलने शिकवायला गेले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तो काळ. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मेस्त्रींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बाई, ब्रेक अचानक जात नाही. आधी चार दिवस हाताला सांगतो. तुमच्या हाताला ते कळलं पाहिजे." तेच आता नातीला सांगायचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

घेताना काय बघायचं

बाळा, आधी चाकाची रिम बघ. चकचकीत लोखंडी रिम दुकानात छान दिसते, पण ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते घसरतात. ॲल्युमिनियमची रिम पावसात त्यापेक्षा कितीतरी चांगली धरते. ओळखायचं सोपं आहे. छोटं लोहचुंबक सोबत ने. चिकटलं तर रिम लोखंडी. पुण्यात चार महिने पाऊस असतो, तेव्हा रिमवर धरणारा ब्रेक असेल तर रिम ॲल्युमिनियमचीच घे.

मग ब्रेकचा प्रकार. आमच्या वेळच्या बऱ्याच सायकलींना दांड्यांचा ब्रेक असे. लिव्हर दाबली की सळई वर ओढली जायची आणि रबर रिमला आतल्या बाजूने टेकायचे. तो दणकट होता, पण लोखंडी रिमवर पावसात त्याचाही इलाज चालत नसे. आता दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतील. चाकाच्या वर मधोमध एकाच बोल्टवर बसवलेला, चिमट्यासारखा तो कॅलिपर. चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे दोन हात आणि त्यांच्या डोक्यावरून आडवी जाणारी वायर, तो व्ही-ब्रेक. आणि चाकाच्या मध्यभागी पोलादी चकती असते, तो डिस्क.

तुझ्यासारखीला, रोज सपाट रस्ता आणि मधे एखादा उतार, व्ही-ब्रेक पुरेसा आहे. तो जोरदार धरतो, त्याचे रबर स्वस्त आहेत आणि कोपऱ्यावरचा कुठलाही मेस्त्री तो दहा मिनिटांत लावून देतो. डिस्कचा खरा फायदा पावसात आणि चिखलात. चकती जमिनीपासून उंच असते, त्यामुळे डबक्यातून गेलीस तरी ती रिमइतकी माखत नाही. शिवाय रिमला थोडा आउट असला, म्हणजे ती फिरताना जरा डुलली, तरी डिस्कला फरक पडत नाही. पण डिस्क घ्यायचा तर चांगल्या कंपनीचा घे. स्वस्तातल्या सायकलला नावापुरता लावलेला डिस्क सतत घासत राहतो आणि ऐन वेळी नीट धरत नाही. त्यापेक्षा नीट लावलेला व्ही-ब्रेक शंभर पटींनी बरा.

एक गोष्ट विसरू नकोस. व्ही-ब्रेकची लिव्हर आणि कॅलिपरची लिव्हर वेगळी असते. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते. कुणी कॅलिपरची लिव्हर व्ही-ब्रेकला जोडून दिली, तर रबर नीट धरायच्या आतच लिव्हर मुठीला टेकेल. लिव्हर बदलताना ब्रेक कुठला आहे ते सांगूनच माग.

आणि तुझा हात लहान आहे. मुठीवर पंजा ठेवून बोटं सरळ केलीस की लिव्हर पहिल्या पेऱ्यात आली पाहिजे. येत नसेल तर बऱ्याच लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येते. बायकांनी हे दुकानातच करून घ्यावं. बोटं ताणून दाबलेल्या ब्रेकला जोर येत नाही.

बाकीच्या भागांचं थोडक्यात सांगते. टायर फार बारीक नको, दीड ते दोन इंच रुंद घे, खड्ड्यात बरं. पुढेमागे मडगार्ड हवेतच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जाशील. पूर्ण चेनकव्हर मिळालं तर उत्तम. मागच्या चाकावर जाळी बसवून घे. आमच्या वेळी पदर अडकायचा, आता ओढणी अडकते आणि चाक ती क्षणात ओढून घेतं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि खणखणीत घंटी. एवढं असलं की बास.

रोज अर्धं मिनिट

सीटवर बसण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकल. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ढकल. मागचं चाक फिरता कामा नये. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटांची फट उरली पाहिजे. टायर अंगठ्याने दाबून बघ. झालं.

पंक्चर काढून आणलंस की हेच आधी कर. चाक काढायला मेस्त्री व्ही-ब्रेकची वायर वरून सोडवतो, आणि गर्दीत ती परत अडकवायची राहून जाते. वायर लोंबकळत असते, बघणाऱ्याला कळत नाही, पण ब्रेक नसतो. चाकाचे नट किंवा झटक्यात उघडणारी लिव्हर घट्ट आहे ना, तेही तेव्हाच बघायचं.

वायरची गोष्ट

एकदा मी स्वतःच चुकले, ते सांगते. ब्रेकची वायर लिव्हरमध्ये जिथे शिरते, तिथे तिच्या टोकाला शिशासारखी बोंडी असते. वायर तुटते ती बहुतेक तिथेच, कारण दर वेळी ती तिथे वाकते. माझ्या पुढच्या ब्रेकच्या वायरीचे तिथलेच दोन बारीक तंतू तुटून बाहेर आलेले मला सोमवारी दिसले होते. बोटाला टोचलेही. लिव्हरही कालच्यापेक्षा जरा जास्त आत जात होती. शाळेत परीक्षा चालू होत्या. रविवारी बघू, म्हटलं. बुधवारी सकाळी पर्वतीच्या पायथ्याकडे उतरताना पुढून हातगाडी आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि वायर तटकन तुटली. लिव्हर मुठीला टेकली, सायकल तशीच. मागचा ब्रेक चांगला होता म्हणून कडेच्या मातीत उतरून कशीबशी थांबले. गुडघा फुटला, त्यावर निभावलं. दोन दिवस हात सांगत होता, मी ऐकलं नाही.

म्हणून वायरचा एक तंतू जरी तुटलेला दिसला, तर त्याच दिवशी वायर बदल. स्टेनलेस स्टीलची माग, ती गंजत नाही. वायरवरचा आउटर चिरला असेल तर तोही बदल, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन नवीन वायर आतल्या आत जाम होते. लिव्हर दाबल्यावर सोडली आणि ती आळशासारखी हळूहळू परत आली, तर वायर आत अडकते आहे असं समज. नवीन वायर पहिल्या आठवड्यात थोडी सैल होते, तेव्हा लिव्हरपाशी वायर जिथे शिरते तो गोल नट बाहेरच्या बाजूला फिरव. वायर ताणली जाते.

रबरची निगा

नव्या रबरवर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर संपले. दर रविवारी रबर बघ. त्यात वाळूचे कण आणि ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतून बसतात. ते टाचणीने काढून टाक, नाहीतर रबर रिमला कानशीसारखं घासतं. पावसाळ्यात रिमवर काळपट चिखल दिसतो, त्यात रिमची झीज असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. रिमच्या ब्रेक लागतो त्या पट्टीवर नखाला खोलगट बाक लागला, तर मेस्त्रीला दाखव. फार झिजलेली रिम फाटते.

रबर पूर्ण रिमवरच बसलं पाहिजे. वर सरकलं तर टायर कापतं, खाली सरकलं तर स्पोकमध्ये घुसतं. दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर फट ठेवायची. ब्रेक किंचाळत असेल तर मेस्त्रींची युक्ती सांगते. रबरचा बोल्ट सैल कर, रबरच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा एक तुकडा सरकव, ब्रेक दाबून धर आणि बोल्ट आवळ. कार्ड काढलं की रबरचं पुढचं टोक केसभर आधी टेकतं आणि आवाज बहुतेक वेळा थांबतो.

दसऱ्याला सायकलची पूजा कर, हार घाल. पण चमक यावी म्हणून रिमवर तेलाचा बोळा फिरवू नकोस, कुणाला फिरवूही देऊ नकोस. तेलकट रिमवर ब्रेक लागत नाही. चुकून लागलंच तर स्पिरिटने रिम पुसून काढ आणि रबर बारीक पॉलिश पेपरने घासून घे. हाराचा दोरा चाकात गुंडाळतो, म्हणून चालवायच्या आधी हार काढून ठेव.

डिस्क घेतलास तर तेलाचा नियम दुपटीने पाळायचा. चकतीला बोटसुद्धा लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा पॅडमध्ये मुरतो. उतारावरून आल्यावर तर मुळीच नाही, ती तापलेली असते, चटका बसतो. तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क असेल तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायची नाही, पॅड एकमेकांना चिकटतात. त्यातलं तेल कंपनी सांगते तेच घालायचं. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट. एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतले रबरी सील खराब होतात.

चेनचं माप

चेन मोजायला आजोबांची जुनी सुतारी पट्टी घे. सायकलची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. पट्टीचं टोक एका पिनच्या मध्यावर धर आणि १२ इंचावर पिन आहे का बघ. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत पुढे जाईपर्यंत थांबलीस तर चेनने मागचं दातेरी चक्रही खाल्लेलं असतं आणि दोन्हींचा खर्च पडतो.

चेनला खोबरेल घालू नकोस, पुण्याच्या थंडीत ते थिजतं. चेनचं तेल एकेका कडीवर थेंब थेंब सोड, पायडल उलटं फिरव आणि मग वरचं सगळं पुसून टाक. तेल कडीच्या आत हवं. बाहेर राहिलं तर धूळ धरतं. पावसात भिजून आलीस की आधी चेन पुस, मग स्वतःचे केस.

थांबायचं कसं

आपल्याकडे बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. नव्या सायकलवर एकदा दाबून खात्री कर. कोरड्या रस्त्यावर पुढचाच ब्रेक जास्त थांबवतो, कारण थांबताना सगळा भार पुढे येतो. त्याला घाबरून नुसता मागचा दाबणाऱ्यांची सायकल घसरते. दोन्ही एकत्र दाबायचे, पुढचा हळूहळू वाढवत, आणि अंग थोडं मागे न्यायचं. वळणावर, वाळूवर, ओल्या गटाराच्या झाकणावर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र पुढचा जोरात दाबायचा नाही. तिथे पोहोचण्याआधीच वेग कमी करायचा.

पावसात रिम ओली असते. रबरने पाणी पुसून काढेपर्यंत चाकाचे दोन-चार फेरे जातात, मग ब्रेक धरतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणून चौक दिसला की आधीच ब्रेक हलकेच टेकवून रिम कोरडी करून ठेवायची.

मृगाच्या आधी

७ जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी मे महिन्यात सायकल एकदा पूर्ण उघडून घे. हबमधले छर्रे, हँडलच्या बेअरिंगचं ग्रीस, वायरी, रबर, चाकांचा आउट, सगळं. दिवाळीनंतर पावसाची घाण काढायला पुन्हा एकदा. पहिल्या खेपेला मेस्त्रीच्या शेजारी उभी राहा आणि बघ. विचारलंस तर तो सांगेल. मला तसंच शिकवलं. त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता दे. तुझा जीव त्याच्या पान्यावर आहे.

रंग, गिअर, सीट तुझ्या आवडीने घे, त्यात मी बोलणार नाही. पण ज्या सकाळी लिव्हर कालच्यापेक्षा बोटभर जास्त आत जाईल, त्या सकाळी आधी मेस्त्रीचं दुकान, मग ऑफिस. उशीर झाला तर सांग, आजीने सांगितलं होतं.