लहानशा परसबागेची सजावट



धानाच्या बांधीत रोवणी नीट व्हावी म्हणून आपण किती काळजी घेतो! पण घरामागच्या वाडीत वांगी कोठे आणि झेंडू कोठे, याचा विचार सहसा होत नाही. कटंगीच्या आसपास ज्यांच्या घरामागे वीस-पंचवीस फूट जागा आहे, त्यांनी भाजी पिकवावीच. पण थोडी नजर वापरली तर तीच जागा देखणी होते. खर्च फारसा नाही.

पैशावाचून काय होऊ शकते हे चंदीगडच्या नेकचंद यांनी दाखविले. ते बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. 1957 च्या सुमारास त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या व दगड गोळा करून जंगलात गुपचूप बाग रचावयास घेतली. सरकारी जागेवरचे हे काम उघडकीस आले तेव्हा ते पाडले जाण्याची भीती होती. परंतु 1976 साली तेच रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले.

आपल्याकडे फुटक्या कवेलूंचा ढीग असतोच. ती अर्धी मातीत गाडून वाफ्याच्या कडेने खवल्यांसारखी लावावीत. शोभा येते आणि पावसात मातीही वाहून जात नाही. मधली वाट दोन फूट रुंद असावी व किंचित वळवावी. वळणापलीकडचे एकदम दिसत नाही, म्हणून लहान जागाही मोठी भासते. वाटेच्या टोकाला नजर ठरेल अशी एकच वस्तू ठेवावी: चुना लावलेला माठ किंवा एखादा मोठा दगड. (तिरोडीच्या खाणीचा काळा दगड सुंदर दिसतो खरा, पण तो आपल्या मालकीचा नाही!) दहा वस्तू मांडल्या की बागेचा बाजार होतो. दोडक्या-कारल्याचा मांडव उत्तरेच्या बाजूस घालावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा मांडवाची सावली भाजीवर पडत नाही.

एक चूक आम्ही स्वतः केली. कमळासाठी पाण्याचे टाके बांधले, मोठ्या हौसेने. पंधरा दिवसांत त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. अंड्यापासून डास तयार होण्यास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास तर साठलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. आता आम्ही टाक्यात गप्पी मासे सोडले आहेत. कुंड्यांखालच्या बश्या व पक्ष्यांचे पाणी आठवड्यातून एकदा ओतून, भांडे घासून भरतो.

पिवळी कण्हेर कुंपणाला शोभते, पण तिचे बी विषारी आहे. पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही येतो. घरात लहान मुले असतील तर ती लावू नये. कोणी बी खाल्ल्याचा संशय आला तरी घरगुती उपायात वेळ न घालविता तत्काळ दवाखान्यात न्यावे. रंगाचे जुने डबे व बॅटरीची खोकी यांत फुलझाडेसुद्धा लावू नयेत, भाजी तर नाहीच. त्यांतील शिसे मातीत उतरते. कुंडी हवीच असेल तर फुटका माठ बरा.