खडकावरची वास्तू

श्रीलंका हा आपला शेजारी देश. या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ गॉल नावाचे बंदर आहे. क्रिकेटच्या सामन्यांमुळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. फार पूर्वीपासून अरब व्यापाऱ्यांची गलबते येथे येत. चौदाव्या शतकात प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हाही येथे आला होता. पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्यानंतर डच आले. डचांनी मजबूत केलेला दगडी किल्ला आजही लाटा झेलत उभा आहे.

या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, समुद्राकाठी एक खडकाळ उंचवटा आहे. तेथे १९९७ साली ‘लाइटहाउस’ नावाचे आलिशान हॉटेल उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद होते जेफ्री बावा.

बावा यांचा जन्म १९१९ साली कोलंबो येथे झाला. ते आधी वकील होते. पण वकिलीत त्यांचे मन रमेना. १९४८ साली त्यांनी रबराचा एक जुना मळा विकत घेतला. तेथे बाग तयार करताना त्यांना आपली खरी आवड समजली. ते पुन्हा विद्यार्थी झाले. शिक्षण पूर्ण करून ते वास्तुविशारद झाले, तेव्हा त्यांचे वय ३८ वर्षांचे होते!

गॉलची जागा अवघड होती. पायाखाली खडक, समोर खवळणारा समुद्र आणि पावसाळ्यात सोसाट्याचा वारा. बावांनी या जागेशी भांडण केले नाही. जवळच्या किल्ल्यासारख्या भक्कम दगडी भिंती त्यांनी बांधल्या. पाहुणा प्रथम गुहेसारख्या काळोख्या जागेत शिरतो. तेथून एक गोल जिना वर जातो. जिन्याच्या कडेने धातूचे सैनिक लढताना दिसतात. सतराव्या शतकात सिंहली सैन्याने पोर्तुगीजांशी केलेली लढाई शिल्पकार लकी सेनानायके यांनी येथे उभी केली आहे. जिना संपतो आणि एकदम उजेड, वारा व अथांग समुद्र समोर येतो. रुंद व्हरांड्यामुळे ऊन अडते, पण वारा मोकळा खेळतो.

२००१ साली बावांना वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २००३ साली त्यांचे निधन झाले.

अशा हॉटेलात राहणे सर्वांना परवडत नाही. पण बावांनी दिलेला धडा सर्वांसाठी आहे. घर लहान असो वा मोठे, ते बांधण्यापूर्वी वारा कोठून येतो, ऊन कोठे पडते आणि पाणी कोठे वाहते, हे नीट पाहिले पाहिजे.

शब्दार्थ
वास्तू – इमारत
वास्तुविशारद – इमारतींचे आराखडे तयार करणारा
गलबत – शिडाचे मोठे जहाज
आलिशान – भव्य व सुखसोयींनी युक्त
अथांग – खूप खोल

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गॉलचा किल्ला कोणी मजबूत केला?
(आ) बावा आधी कोणता व्यवसाय करत होते?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
गॉलची जागा अवघड का होती?
३. वाक्यात उपयोग करा : मन रमणे, परवडणे.
४. तुमच्या घरात वारा व उजेड कोठून येतो, ते पाच वाक्यांत लिहा.