रात्रपाळी, झोप आणि प्रमुखाचा स्वभाव

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या असते, शस्त्रक्रियांचा तक्ता असतो, देणगीदारांची यादी असते. हे सारे ज्यांच्या हातून घडते ते कर्मचारी वर्षभरात किती झोपले, याचा रकाना कोणत्याही अहवालात नसतो. तो असावा असा माझा आग्रह नाही. परंतु वॉर्डाचा प्रमुख नीट झोपला नाही तर त्याची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते, हे अनुभवाने व वाचनाने पटल्यामुळे हा विषय येथे मांडीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका रुग्णालयात विभागप्रमुख होतो. लागोपाठ दोन रात्री तातडीचे रुग्ण आल्याने जेमतेम तीन-तीन तास झोप झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला असे दिसले की, एका नव्या परिचारिकेने सलाइनची व लघवीची नोंद तक्त्यात लिहिलेली नाही. चूक खरी, पण दोन मिनिटांत सुधारता येण्यासारखी. मी तिला रुग्ण व नातेवाईक यांच्यादेखत बोललो, आणि बरेच बोललो. त्याच रात्री त्याच वॉर्डात एका वृद्ध रुग्णाची लघवी जवळजवळ थांबली. निवासी डॉक्टर एकच, तो अपघात विभागात अडकलेला. ड्यूटीवरील सिस्टरच्या ही गोष्ट बाराच्या सुमारास लक्षात आली होती. मला फोन आला तो सकाळी सहाला. रुग्ण वाचला, मात्र त्याला चार वेळा डायलिसिस करावे लागले. फोन का केला नाही, असे विचारल्यावर ती इतकेच म्हणाली, "सर, काल सकाळी तुम्ही तिला इतकं बोललात, मग वाटलं, उगाच उठवलं तर..." वाक्य तिने पूर्ण केले नाही. करण्याची गरजही नव्हती.

मी स्वभावाने तापट आहे असे तोवर कोणी म्हटले नव्हते. मग त्या सकाळी काय झाले? २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात एक संपूर्ण रात्र जागवलेल्या निरोगी तरुणांना अप्रिय चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे आलेख घेतले गेले. भीती व राग यांच्याशी निगडित असलेले अमिग्डाला हे केंद्र झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक उसळलेले आढळले आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा संबंध सैल झालेला दिसला. २०१५ साली ख्रिस्तोफर बार्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा कामाच्या ठिकाणी नेला. वरिष्ठांच्या झोपेची रोजची नोंद आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांचा रोजचा अनुभव ताडून पाहता असे दिसले की, ज्या रात्री वरिष्ठाची झोप बिघडे, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे वागणे अधिक अपमानकारक होई आणि त्या दिवशी संपूर्ण गटाचे कामातील मन कमी होई. विशेष म्हणजे येथे झोपेचे तास तितकेसे महत्त्वाचे ठरले नाहीत. झोप शांत झाली की तुटक, याला महत्त्व होते. रात्रीतून तीनदा फोन वाजणाऱ्या डॉक्टराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

यातील खरी अडचण अशी की, अर्धवट झोपलेल्याला आपण अर्धवट झोपलो आहोत हे कळत नाही. २००३ सालच्या एका अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्या व्यक्तींची एकाग्रता शेवटी सलग एक-दोन रात्री जागणाऱ्यांइतकी घसरली. स्वतः त्यांना मात्र थोडीशी झोप येते आहे, एवढेच वाटत होते. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड यांनी १९९७ साली दाखवले की, सलग १७ तास जागल्यानंतर हातापायांचे व लक्षाचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे होते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यास कायद्याने मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांपर्यंत. दारू पिऊन राउंडला आलेल्या डॉक्टराला कोणीही अडवील. जागून आलेल्याचे कौतुक होते. "साहेब तीन रात्री झोपले नाहीत" हे वाक्य आपल्या व्यवसायात गौरवाने उच्चारले जाते, आणि ते ऐकणारा कनिष्ठ डॉक्टर चौथ्या रात्रीची तयारी करतो.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यानंतर काही तासांत दगावली. दीर्घकाळ कामावर असलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न तिच्या पत्रकार वडिलांनी लावून धरला आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. बोस्टनमधील एका अतिदक्षता विभागात २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, लहान पाळ्यांच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या केंद्र सरकारनेही १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय चालते ते वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे.

केवळ तास कमी करून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाळी लहान झाली की रुग्ण अधिक हातांतून जातो आणि हँडओव्हरमध्ये माहिती गळते. अमेरिकेतील शल्यविभागांत २०१६ साली झालेल्या मोठ्या तुलनेत तासांचे नियम शिथिल ठेवूनही रुग्णांचे निष्कर्ष बिघडले नाहीत. उलट, ठरावीक क्रमाने व लेखी हँडओव्हर देण्याची पद्धत बसवल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ सालचा अभ्यास सांगतो. हा उपाय आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेला परवडणारा आहे; त्याला वही लागते आणि दहा मिनिटे.

परिचारिकांचा प्रश्न याहून अवघड. रात्रपाळी उरकून सिस्टर घरी जातात तेव्हा पाण्याची वेळ झालेली असते, मुलांचे डबे व्हायचे असतात, आणि एका खोलीच्या घरात दिवसा अंधार कोठून आणावा? अशा वेळी ड्यूटी लावणाऱ्याच्या हाती जे आहे तेवढे तरी त्याने करावे: रात्रपाळीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी देऊ नये, आणि पहाटे आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागू द्यावा, त्याला कामचुकारपणा म्हणू नये.

मी स्वतःपुरते दोन नियम केले. जागरणानंतरच्या सकाळी कोणाचीही चूक काढायची नाही. ती कागदावर टिपून दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावून सांगायची. आणि रात्री फोन केल्याबद्दल कोणालाही बोलणी बसणार नाहीत, हे वॉर्डातील फळ्यावर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे. पहिल्या महिन्यात फोन दुप्पट झाले. बहुतेक अनावश्यक होते. तेही शांतपणे घेतले. पुढे ते आपोआप कमी झाले.

येथील इन्चार्ज सिस्टरांचे नाव मात्र 'ऑफ'च्या रकान्यात सलग चार आठवडे वेळेवर दिसल्याचे मला आठवत नाही. कोणी रजेवर गेले की त्याच उभ्या राहतात. येत्या वर्षी ड्यूटी रजिस्टर मांडताना त्यांचा रकाना सर्वांच्या आधी भरावा, अशी लेखी विनंती कार्यालयाकडे दिली आहे.