हेडफोनमध्ये भारदस्त, बँडमध्ये बेपत्ता: गिटार मॉडेलरच्या टोनची प्रश्नोत्तरे

डिजिटल ॲम्प मॉडेलर, म्हणजे आपल्याकडे बहुतेक जण ज्याला सरसकट ‘गिटार प्रोसेसर’ म्हणतात ते यंत्र, याबद्दल वाचक जे विचारतात त्याचा रोख बहुधा एकच असतो: यंत्रात शेकडो आवाज आहेत, पण मनासारखा एकही निघत नाही. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पडद्यावर ‘मार्शल’ किंवा ‘फेंडर’सारखं नाव दिसतं, तेव्हा आत नेमकं काय चाललेलं असतं?

उत्तर : इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तीन टप्प्यांत घडतो: प्रीॲम्प, पॉवर ॲम्प आणि स्पीकर. ॲम्पमधल्या व्हॉल्व्हला (ट्यूबला) झेपेल त्याहून जास्त सिग्नल मिळाला की लहरींचे माथे दबतात, मूळ सुरावर नवे हार्मोनिक्स चढतात आणि आपल्याला ओव्हरड्राइव्ह ऐकू येतो. मॉडेलर हाच प्रवास गणिताने करतो. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मूळ ॲम्पच्या सर्किटमधला एकेक भाग गणितात मांडतात. फ्रॅक्टल आणि लाइन सिक्स या कंपन्यांचा भर यावर आहे. दुसरीत खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवून बाहेर काय आलं ते मोजतात आणि त्यावरून नक्कल तयार करतात. केम्परने ही पद्धत रुजवली. आता टोनएक्स, क्वाड कॉर्टेक्स आणि फुकट मिळणारा न्यूरल ॲम्प मॉडेलर न्यूरल नेटवर्क वापरून तेच करतात.

ही कल्पना फार नवी नाही. रोलँडचं व्हीजी-8 हे यंत्र 1995 मध्ये आलं, तर लाइन सिक्सचा लाल, घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड 1998 मध्ये. त्या काळातल्या यंत्रांचा ॲम्प बोटांखाली ताठ वाटायचा. हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, फारसा फरक पडत नसे. गेल्या दहा-बारा वर्षांत ही उणीव जवळजवळ भरून निघाली आहे. त्यामुळे आजच्या मध्यम किमतीच्या यंत्रातून आवाज वाईट येत असेल, तर दोष बहुधा ॲम्पच्या मॉडेलमध्ये नसतो. तो स्पीकरच्या निवडीत आणि आपण किती मोठ्या आवाजात टोन बनवला त्यात असतो.

प्रश्न : घरी हेडफोन लावून बनवलेला टोन अगदी रेकॉर्डसारखा वाटतो. बँडबरोबर मात्र ड्रम आणि बेस सुरू होताच गिटार ऐकूच येत नाही. माझं यंत्र स्वस्तातलं आहे म्हणून असं होतं का?

उत्तर : नाही. सर्वांत महागडं यंत्र आणलं तरी हेच होईल. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये आपल्या कानाविषयी एक गोष्ट मोजून दाखवली: आवाज लहान असताना खर्ज आणि अगदी वरचे स्वर कानाला कमी जाणवतात, मधले मात्र नीट ऐकू येतात. म्हणूनच घरी हळू आवाजात वाजवताना आपण नकळत बास चढवतो, ट्रेबल चढवतो आणि मिड उतरवतो. तेवढ्यापुरतं ते झकास लागतं. पण तालमीच्या खोलीत ड्रमच्या शेजारी आवाज सहज 100 डेसिबलच्या आसपास जातो. तिथे तोच बास ढबढबतो आणि तोच ट्रेबल कानात घुसतो.

दुसरा मुद्दा जागेचा. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, बेस गिटारची 41 ची. त्याच तळमजल्यावर किक ड्रमही असतो. वरचा मजला सिंबलने व्यापलेला. गिटारला उरते ती मधली पट्टी, साधारण 400 हर्ट्झपासून 3 किलोहर्ट्झपर्यंतची, आणि तीही गायकाबरोबर वाटून घ्यावी लागते. घरी मिड उतरवताना आपण नेमकी हीच पट्टी रिकामी केलेली असते. मग मास्टर कितीही वाढवला तरी गोंगाट वाढतो, गिटार पुढे येत नाही.

यावर उपाय असे. 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं सगळं लो कटने काढून टाका. तो खर्ज बेसवाल्याचा आहे. वरून 6 ते 7 किलोहर्ट्झवर हाय कट लावा. मिड निम्म्याच्या वर न्या. घरी वापरता त्याच्या दोन-तृतीयांशच गेन ठेवा, कारण गेन जितका जास्त तितका आवाज दबतो, छेडण्याची धार जाते आणि पॉवर कॉर्ड नुसती चादर होऊन बसते. रिव्हर्ब तर निम्म्याहून कमी करा. हॉलचा स्वतःचा घुमारा वेगळा असतोच. एवढं करून एकट्याने ऐकलंत तर टोन थोडा कोरडा, थोडा नाकातला वाटेल. घाबरू नका, बँडमध्ये तोच टोन उठून येतो. सोलोसाठी वेगळा प्रीसेट ठेवणार असाल तर त्यात गेन वाढवू नका. आवाजच दोन-तीन डेसिबल वर घ्या आणि मिड किंचित चढवा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेवटचं कोरीवकाम तालमीतच करा, बँड वाजत असताना, आणि एका मित्राला प्रेक्षक जिथे असतील तिथे उभं करून.

प्रश्न : डिस्टॉर्शन लावलं की सुरांवर माशा घोंघावल्यासारखी चरचर येते. ट्रेबल शून्यावर आणला तरी जात नाही. काय करावं?

उत्तर : आधी यंत्राची केबल कुठे जाते ते पाहा. गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झनंतर झपाट्याने पडतो. त्याच्यावर ट्वीटर नसतो, आणि तो नसणं हीच त्याची खुबी. डिस्टॉर्शनमधून निघणारा वरचा कचरा हा स्पीकर चाळणीसारखा अडवतो. पीए सिस्टिम, स्टुडिओ मॉनिटर, हेडफोन मात्र 20 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं इमानेइतबारे ऐकवतात. म्हणून मॉडेलरमध्ये ‘कॅब’ नावाचा वेगळा ब्लॉक असतो. नियम सोपा आहे. यंत्र पीए, मॉनिटर, हेडफोन किंवा एफआरएफआर (सगळी पट्टी सपाट ऐकवणाऱ्या) स्पीकरला जोडलं असेल, तर कॅब चालू. खऱ्या गिटार ॲम्पला जोडलं असेल, तर कॅब बंद, आणि केबल ॲम्पच्या इनपुटमध्ये न घालता मागच्या ‘इफेक्ट्स रिटर्न’मध्ये. तसं केलं नाही तर ॲम्पमागे ॲम्प आणि स्पीकरमागे स्पीकर लागतो आणि आवाज गढूळ होतो.

केबल योग्य जागी असूनही चरचर राहिली, तर कॅब बदला. या ब्लॉकमध्ये आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स असतात. खऱ्या स्पीकरसमोर खरा माइक ठेवून घेतलेली ही एक छोटीशी फाइल असते, बहुधा सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही लहान. पण ॲम्पचं मॉडेल बदलून पडत नाही एवढा फरक ही फाइल बदलून पडतो.

माइकची जागा किती बोलते ते एकदा कान देऊन ऐका. तुमच्या यंत्रात माइक सरकवायची सोय असेल, तर शुअर एसएम57 निवडा आणि तो स्पीकरच्या अगदी मध्यावर, गोल टोपीसमोर ठेवा. आवाज काचेसारखा टोकदार लागेल. आता एक कॉर्ड वाजवत ठेवून तो टोपीच्या कडेकडे, जिथे कागदी कोन सुरू होतो तिथवर, हळूहळू न्या. अर्ध्या इंचात चरचर विरते आणि लाकडाचा नाद पुढे येतो. आणखी बाहेर नेलात तर आवाज उबदार होतो, मग मंद. टोपी आणि कोन यांच्या सांध्यावर बहुतेक टोन जागेवर बसतात. सरकवायची सोय नसेल तर तयार आयआर फायली मिळतात. त्यांच्या नावातच बहुधा स्पीकर, माइक आणि जागा लिहिलेली असते. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 मिडमध्ये पुढे झेपावतो, ग्रीनबॅक त्याहून मऊ आहे. हे दोन ओळखीचे करून घेतलेत तरी रॉकचं बरंचसं भागेल. ट्रेबलच्या नॉबने जे साधत नाही ते इथे साधतं, कारण त्या नॉबचा मारा चरचरीच्या बराच खाली असतो.

प्रश्न : सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करावी असं सांगतात. तरी काही ॲम्प बोदे लागतात, काही किरकिरे. असं का?

उत्तर : कारण चांगलं मॉडेल मूळ ॲम्पच्या खोडीही उचलतं. फेंडरच्या जुन्या ॲम्पमध्ये नॉब मध्यावर असले तरी मिड खोल गेलेला असतो; सपाट आवाजाच्या जवळ जायचं तर बास आणि ट्रेबल खूप खाली आणि मिड पूर्ण वर न्यावा लागतो. डिलक्स रिव्हर्बला तर मिडचा नॉबच नाही. व्हॉक्स एसी30 वरचा ‘कट’ उलटा चालतो: वाढवलात की ट्रेबल कमी होतो. मार्शलच्या जुन्या प्लेक्सीला मास्टर व्हॉल्यूम नव्हता, व्हॉल्यूम वाढेल तसा तो फाटत जायचा. म्हणून त्याच्या मॉडेलमध्ये मास्टर पूर्ण वर ठेवा आणि प्रीसेटचा आवाज वेगळ्या ‘लेव्हल’ने जुळवा. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत टोनचे नॉब गेनच्या आधी येतात. तिथे बास चढवला की चिखल होतो. तो जवळजवळ शून्यावर ठेवून हवा तो खर्ज पुढच्या ग्राफिक ईक्यूमधून परत घ्यायचा असतो.

इतिहासही कामाला येतो. मार्शलचा पहिला ॲम्प, 1962 चा जेटीएम45, फेंडर बासमनच्याच सर्किटवर बेतलेला होता. त्यामुळे हे दोन मॉडेल आलटूनपालटून ऐकले की एकाच घराण्याची दोन गळ्यांतली गायकी कळते. शंभर मॉडेल चाळण्यापेक्षा एक क्लीन, एक क्रंच आणि एक हाय गेन असे तीनच ॲम्प निवडा, त्यांची मूळ माहिती वाचा आणि काही महिने त्यांच्यासोबत राहा. फॅक्टरी प्रीसेट दुकानात गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी बनवलेले असतात, डिले-रिव्हर्बने भरलेले. त्यांतले इफेक्ट एकेक करून बंद करा आणि नुसता ॲम्प व कॅब कसा लागतो ते आधी ऐका.

प्रश्न : घेऊ कोणता? बजेट बेताचं आहे.

उत्तर : कुठे वाजवणार ते आधी ठरवा, यंत्र आपोआप ठरेल.

फक्त घरी वाजवायचं असेल तर यामाहा टीएचआर किंवा पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्कसारखा टेबलावरचा छोटा ॲम्प पुरे. घर आणि तालीम दोन्ही हवं असेल तर बॉस कटाना 50 हा सरळमार्गी पर्याय आहे: बारा इंची गिटार स्पीकर आतच, आणि रात्री शेजारी झोपलेले असताना अर्ध्या वॅटवर आणायची सोय. व्हॉल्व्हचा 22 वॅटचा ॲम्प पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये रंगात येईपर्यंत वाढवता येतच नाही. मॉडेलरचा खरा उपकार तिथे आहे.

मंचावर जायचं असेल तर एचएक्स स्टॉम्पच्या वर्गातलं फ्लोअर यंत्र घ्या आणि बजेटमधला काही भाग चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवा. महागडं यंत्र आणि प्लॅस्टिकचा स्पीकर या जोडीपेक्षा मध्यम यंत्र आणि चांगला स्पीकर केव्हाही सरस.

हाताशी बरा संगणक असेल तर ऑडिओ इंटरफेस घेऊन न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट चालवा. गिटार इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुटलाच लावा. साध्या लाइन इनपुटला पिकअपचा जीव गुदमरतो आणि आवाज मंद होतो. बोट आणि आवाज यांत अंतर जाणवलं तर बफर कमी करा. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे पावणेतीन मिलिसेकंद, तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम एक मीटर जातो. जाता-येता मिळून उशीर थोडा जास्त होतो, तरी वाजवताना तो सहसा खटकत नाही.

एक सावधगिरी. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणार असाल तर मागच्या पट्टीवर ‘100–240 व्होल्ट’ लिहिलंय का ते आधी विचारा. तिकडचे बरेच कॉम्बो ॲम्प फक्त 120 व्होल्टचे असतात आणि आपल्या 230 व्होल्टवर पहिल्याच दिवशी जळतात.

प्रश्न : शेवटचं. खऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पची सर याला येते का?

उत्तर : रेकॉर्डिंगमध्ये आणि पीएमधून ऐकताना येते, तिथे श्रोत्याला फरक ओळखणं फार कठीण आहे. मेटालिकासारखा बँड मंचावर फ्रॅक्टलची यंत्रं वापरतो, ती उगाच नाही. फरक उरतो तो वाजवणाऱ्याला. खोलीत चार स्पीकरच्या कॅबिनेटसमोर उभं राहिलं की हवा अंगावर येते, आणि मॉडेलर ऐकवतो तो त्याच कॅबिनेटचा माइकमधून आलेला आवाज. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकीकडून दुसरीची अपेक्षा ठेवली की निराशा होते. आपल्या आवडत्या रेकॉर्डवर आपण ऐकला तोही माइकमधूनच आलेला आवाज होता, हे लक्षात ठेवलं तर मॉडेलर त्याच्या अगदी जवळ नेऊन सोडतो.

म्हणून नवं यंत्र घ्यायचा विचार करण्याआधी, आहे त्याच यंत्रात कॅब बदलून पाहा, गेन उतरवा, मिड चढवा आणि पुढच्या तालमीतला पहिला अर्धा तास फक्त टोनसाठी मागून घ्या. बहुतेकांना हवा असलेला आवाज आधीच घेतलेल्या यंत्रात असतो.